पोहोचला

"आकड्यांत काहीतरी घोळ आहे, मॅडम. तुमचा म्हातारा म्हणतो सगळे मेसेज पोहोचले. आमचं पोर म्हणतं, नाही पोहोचले."

असं म्हणत तरुण इंजिनियर मुलीने मॅडमसाठी खुर्ची ओढली. तिला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी मोबाईल कंपनीने आज मुद्दाम गाडी पाठवून बोलावलं होतं. म्हातारा म्हणजे भिंतीलगतचं जुनं मशीन. सगळ्या गिऱ्हाइकांचे मेसेज अजून त्याच्याच पोटातून जात होते, म्हणून त्याला काढायचं नाही असं वरच्यांनी ठरवलं होतं. त्याला न दुखवता त्याच्याकडून काम करून घेणारी नवी प्रणाली वर बसवली होती. तेच पोर.

"सासू-सून आहेत हो दोघी," टीमचा प्रमुख म्हणाला. "एका घरात नांदवायच्यात. म्हणून तुम्हाला त्रास दिला."

ती हसली. खुर्चीकडे जाता जाता तिने मशीनच्या कपाटावर तळहात टेकला. गरम होतं. आत तीच बारीक घरघर. त्या काळी या खोलीत स्वेटर घालून बसावं लागे, आणि घरघरीचा सूर जरा बदलला की माणसं डबा अर्धा टाकून उठत.

"दाखव," ती खुर्चीत बसत म्हणाली.

"प्रत्येक मेसेजची कच्ची नोंद म्हातारा आत ठेवतो. आजवर ती कुणी वाचतच नव्हतं. आमची प्रणाली वाचते." मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. "हा बघा. तीनदा पाठवला, तिन्ही वेळा समोरचा फोन बंद. आणि शेवटी म्हातारा काय लिहितो? पोहोचला. असे हजारोंनी आहेत. हा खोटं का बोलतो, तेच सापडत नाहीये."

"तो खोटं बोलत नाही," ती ताडकन म्हणाली. "उघड त्याचा प्रोग्राम."

चष्मा पुसून ती वाचू लागली. खाली, आणखी खाली. मुलीला मध्येच थांबवून तिने स्वतः माऊस हातात घेतला. एका जागी तिचा हात थांबला.

तीनच ओळी होत्या. तीन प्रयत्न फसले की मेसेज रांगेतून काढायचा आणि 'पोहोचला' म्हणून नोंदवायचा. शेजारी टीप होती: तात्पुरतं, सोमवारी काढणे. टिपेपुढे तिची आद्याक्षरं.

"तेव्हा रांगेत जागाच नसायची," ती हळू आवाजात म्हणाली. "बंद फोनांचे मेसेज साचून मशीन गुदमरायचं. त्याला दोनच गोष्टी कळायच्या, रांगेत आहे किंवा पोहोचला. मग जे अडकलेत त्यांना मी... शनिवार होता. मशीन मोकळं झालं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली."

"आणि सोमवार, मॅडम?" प्रमुख हसत म्हणाला. "कुठला म्हणायचा?"

ती हसली नाही.

"मला एक नंबर बघायचाय."

"कुणाचा?"

"बहिणीचा." तिने नंबर तोंडपाठ सांगितला. मग तारीख सांगितली. अकरा वर्षांपूर्वीची.

मुलीने शोध लावला. एकच नोंद आली. सकाळी सहा दहा, फोन बंद. सहा चाळीस, फोन बंद. सात दहा, फोन बंद. पोहोचला.

"सापडला," मुलगी उत्साहाने म्हणाली. "काय होतं यात?"

"आई गेली. लगेच निघ."

मुलीचे हात कीबोर्डवरून खाली आले. प्रमुखाने खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला.

"मग त्या..." मुलीने विचारलं.

"चौथ्या दिवशी आली. म्हणाली, मला काही कळलंच नाही. तिचा फोन लागत नव्हता म्हणून मी मेसेज केला होता. इथे ड्यूटीवर होता त्याला विचारलं, पोहोचला का रे? तो म्हणाला, पोहोचला. म्हणून परत फोनसुद्धा केला नाही." "सगळ्यांदेखत म्हटलं मी तिला. मशीन खोटं बोलत नाही, तूच बोलतेस."

प्रमुख घाईघाईने म्हणाला, "हे आम्ही वरच्यावर निस्तरतो, मॅडम. जुन्याला हात लावायचा नाही. त्याला लिहू दे पोहोचला, पडद्यावर आम्ही खरं काय ते दाखवू."

तिला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिने पर्समधून मोबाईल काढला. आकडे दोनदा चुकले. शेवटी मुलीनेच तो हातातून घेऊन नंबर लावून दिला.

चार वेळा घंटी वाजली.

"हॅलो?" आवाज जाड झाला होता, पण बहिणीचाच.

"मी बोलतेय."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"अगं, तुला मेसेज आलाच नव्हता," ती म्हणाली. "आईचा. आलाच नव्हता तुला."

फोन तुटला की काय, म्हणून तिने तो कानावर आणखी दाबला.

"ते मला ठाऊक आहे, ताई," बहीण म्हणाली. "तुला कुणी सांगितलं?"

तिने समोर पाहिलं. उत्तर पडद्यावर लखलखीत होतं: नोंदीमागे अजून उघड्या असलेल्या तीन ओळी, आणि त्यांच्यापुढे तिचीच आद्याक्षरं.