एवढ्या लांबचं वैर

रविवारी ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर अंतराळातली मालिका झाली; दूरच्या ग्रहावरचे जुने शत्रू पृथ्वीवर चाल करून येतात अशी. सोमवारी जयगडच्या एसटीत धाकूमास्तरांनी चुलतभाऊ महिपतला त्यावरूनच धरलं. रत्नागिरी येईपर्यंत त्याला हरवायचंच, असा त्यांचा हट्ट.

"त्या जुन्या शत्रूंना इकडे यायला चाळीस वर्षं लागतात. गणित केलंय मी!"

"लागूंदेत! वैर आहे म्हटल्यावर येणारच ते."

"मेल्या, बाप भांडला म्हणून पोरगा एवढ्या लांब येईल? चाळीस वर्षांनी? येडा आहे काय तो?"

महिपतने हार मानून पानाचा डबा पुढे केला. मास्तर खुशीत उतरले, महिपतच्याच डब्यातलं पान खाऊन त्याच्याबरोबर कोर्टाची पायरी चढले.

 

मास्तरांच्या वडिलांनी महिपतच्या वडिलांवर लावलेल्या हद्दीच्या दाव्याची, बेचाळिसाव्या वर्षातली, ती पहिलीच तारीख होती.