तिकीट जुनं की नवं

“जुनं का नवं, एवढंच सांगा मास्तर,” असं म्हणत फौजदारांनी टपालाचं तिकीट टेबलावर पुढं सरकवलं.

व्यंकटराव मास्तर शाळेत चित्रकला शिकवत, पण गावात त्यांची ओळख तिकिटं जमवणारा माणूस म्हणूनच. या नादापायी आजवर बायकोची बोलणी खाल्ली होती. ठाण्याची पायरी चढायची वेळ पहिल्यांदाच आली. तिकडं सरहद्दीवर चीनशी लढाई जुंपलेली. इकडं बाकावर गुलमंडीत दात बसवून देणारा चिनी लिऊ अंग चोरून बसलेला. तिकीट त्याच्या पाकिटात सापडलं होतं.

“त्यांच्या जुन्या राजवटीचं असलं तर हा घरी जाईल,” फौजदार म्हणाले. “नव्या, लाल सरकारचं निघालं तर याचं तिकडं संधान हाय, असं धरायचं. मग बायकापोरांसकट राजस्थानच्या छावणीत. वरून हुकूमच हाय तसा.”

मास्तरांनी भिंग लावलं. तिकिटावर एक मिशीवाला पुढारी होता. तो जुन्या सरकारचा, यात शंका नव्हती. पण त्याच्या छातीवर आडवा काळा ठसा होता, आणि तो मास्तरांनी कॅटलॉगात पाहिलेला होता. राज्य बदललं, नवी तिकिटं छापून व्हायची होती, तेव्हा लाल सरकारनं जुन्याच तिकिटांवर आपलं नाव ठोकून दिलं होतं. असलं एक तरी आपल्याकडं असावं म्हणून मास्तर किती वर्षं झुरत होते. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं.

“जुनं आहे,” ते म्हणाले.

फौजदार काही काल पोलिसात भरती झाले नव्हते. “थांबा. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज गेलं, तरी आपण त्याचीच तिकिटं लावत होतो का नाय? माझ्या लग्नाच्या पत्रिका त्याच तिकिटांवर गेल्या. तिकीट जुनं, राज नवं. तसलं तर नाय ना हे? हा काळा शिक्का कशाचा?”

नेमकं तेच विचारलं होतं. खरं सांगावं तर बाकावरच्या माणसाचं घर उठतं. खोटं सांगावं आणि उद्या मुंबईहून कुणी जाणकार आला, तर त्याच बाकावर आपण. घरी लग्नाच्या मुली होत्या. भीती त्यांना अशी वाटत होती, की भिंगाआडून डोळा काढायचाही धीर होईना.

“महागाईचा,” ते म्हणाले. “पैशाला किंमत उरली नाही, म्हणून जुन्या सरकारनंच वरून नवा भाव छापला.”

“अन् आज याची किंमत काय?”

“चार आण्यालाही कुणी घेणार नाही.”

फौजदारांनी तिकीट लिऊपुढं टाकलं. “जा घरी.”

बाहेर आल्यावर मास्तर झपझप चालू लागले. लिऊनं त्यांना गाठलं आणि तिकीट पुढं धरलं.

“मास्टरसाब, बाप के बटवे में था, इसलिए रख लिया था मैं. ये काले ठप्पे में लिखा क्या है?”

मास्तर थबकले. “तुम्हाला वाचता येत नाही?”

“बाप कू आता था. मैं तो यहींच पैदा हुआ.”

मास्तरांनी मान वळवली. फौजदार ठाण्याच्या दारात येऊन उभे होते.

“जुनं आहे, असं लिहिलंय,” मास्तर म्हणाले.