डबाभर राख

चर्चच्या चढावर पिकअपची मागची चाकं गरगर फिरली आणि गाडी जागची हलेना.

"झालं!" शेजारी बसलेला रॉडनी म्हणाला. "बघितलंस ना, आई?"

"बघितलं. मला डोळे आहेत." हिल्याने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. चाकं जितकी फिरवावीत तितका खालचा बर्फ गुळगुळीत होतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

सकाळी कॉफी पिताना मायलेकांचं ठरलं होतं. तिने चर्चचा चढ एका दमात चढून दाखवला तर गाडी तिच्याकडे राहील. नाही तर चावी रॉडनीची, आणि एप्रिलपर्यंत तिने त्याच्याकडे डेट्रॉइटला जाऊन राहायचं, सातव्या मजल्यावर. या रानात गाडीवाचून म्हातारं माणूस हिवाळा काढणार तरी कसं, हा त्याचा प्रश्न होता. त्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तर ती पैजेला तयार झाली.

"हौदा भरलाय, वजनही आहे," रॉडनी मागच्या काचेतून बघत म्हणाला. हौद्यात बर्चच्या झाडाची फोडलेली लाकडं नीट रचून दोरांनी आवळून बांधली होती. बाकीचे लोक मागच्या चाकांवर भार यावा म्हणून वाळूच्या पिशव्या टाकत. "पण खाली नुसती काच झालीय. थांब, राख टाकू, म्हणजे चाकं धरतील."

त्याने न बघताच सीटच्या मागे हात घातला आणि कॉफीचा जुना डबा काढला. लहानपणी बाबांच्या शेजारी बसून त्याने हेच केलं होतं. दर शनिवारी अंगणातला सौना, वाफेच्या आंघोळीची लाकडी खोली, पेटायचा, सगळं घर त्या वाफेत घामाने निथळायचं, आणि रविवारी सकाळी हिल्याचा नवरा वाइनो सौनाच्या भट्टीतली निवलेली राख या डब्यात भरायचा.

रॉडनीने झाकण काढलं आणि डबा उलटा केला. काही पडलं नाही.

"कमाल आहे तुझी! हौदाभर लाकूड घेऊन फिरतेस आणि डबाभर राख नाही?"

"सौना पेटवला तर राख होणार ना!"

"म्हणजे? बाबा गेल्यापासून एकदाही नाही?"

"घाण नाही राहत मी. न्हाणीत आंघोळ करते."

"ते नाही विचारलं मी."

हिल्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. समोरच्या काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरत होती.

"त्याने फोडलेली आहेत ती," ती म्हणाली. "ऑगस्टमध्ये. छातीत दुखत होतं तरी फोडत बसला, मेला. जाळली की संपली रे. मग त्याच्या हातचं काय राहणार मला? मागे असली की निदान गाडी धरून ठेवतात. उतारावर वाटतं, तोच मागून धरून आहे."

रॉडनीने पायाखालच्या रबरी चटया ओढून काढल्या, खाली उतरला आणि मागच्या दोन्ही चाकांपुढे त्या सरकवल्या.

"मागे उभा राहू नकोस!" ती ओरडली. "बाजूला हो. आणखी लांब! चटई उडून लागेल."

"झालो, बाई!"

तिने दुसरा गिअर टाकला आणि पाय अगदी हलका ठेवला, वाइनो ठेवायचा तसा. चाकांनी रबर पकडलं. गाडी एकदा मागून झोकांडली, सरळ झाली आणि संथपणे चढून गेली. मध्ये ती थांबली नाही. वर सपाटीवर नेऊन तिने गाडी उभी केली आणि आरशात बघत राहिली. फाटक्या चटया बगलेत मारून रॉडनी धापा टाकत वर येत होता.

तो आत बसताच तिने चावी काढून त्याच्यापुढे धरली.

"एका दमात झाला नाही. ठरलं ते ठरलं."

रॉडनीने चावीकडे बघितलं, मग तिच्याकडे. चावी घेतली नाही. पायाशी पडलेला डबा उचलून त्याने तिच्या मांडीवर ठेवला.

"चालवण्यात तुझी काही चूक नाही, आई. हा रिकामा घेऊन निघालीस, तेवढं चुकलं."

दुपारी घरी परतल्यावर हौद्याचा दोर तिने स्वतःच सोडला. वरचंच एक लाकूड उचललं. गाठीशी कुऱ्हाड अडकली होती, तिथे दोन घाव दिसत होते. तिने ते नाकाशी धरलं. बर्चचा वास अजून होता. रॉडनी जवळच उभा होता, पण त्याने हात पुढे केला नाही.

सौनाच्या भट्टीत पहिलं लाकूड तिने ठेवलं ते तेच. साल चटकन पेटली. ती गुडघ्यांवर बसून बघत राहिली. डोळे पुसायच्या भानगडीत पडली नाही.

"रॉडनी," तिने तिथूनच हाक मारली, "उद्या जायच्या आधी वाळूच्या पिशव्या आणून दे मला. हौदा आता दर शनिवारी हलका होणार."