मल्लूचा खडा

शिवयोगीअण्णांच्या चित्रकथेतला धाडसी मल्लू विहिरीत सूर मारण्याआधी आत खडा टाकायचा आणि पाण्याचा आवाज ऐकायचा. दरवेळी. पोरं बघून तसंच करतात, म्हणून अण्णांनी ते चित्र कधी गाळलं नाही. प्रकाशकाला ते रटाळ वाटायचं. शेवटी त्याने मल्लू दुसऱ्याच चित्रकाराकडे दिला.

"मल्लू आमच्या मालकीचा. तुमचं नाव मात्र ठेवतो की वर," तो म्हणाला.

नवा अंक अण्णांनी स्टँडवर उभ्या उभ्या चाळला आणि विहिरीच्या चित्रापाशी ते थांबले. मल्लूने खडा न टाकताच सूर मारला होता. वर नाव अण्णांचं. आणि दुष्काळाचं साल, सोलापुरातल्या निम्म्या विहिरी कोरड्या ठाक.

अंक तिथंच टाकून ते गल्लीमागच्या विहिरीकडे धावत सुटले. ती विहीर इतकी खोल, की वरून नुसता अंधार दिसायचा. कठड्यावर शेजारच्या सिद्धप्पाची दहा वर्षांची चंद्रव्वा उभी होती. पाठीला मल्लूसारखा टॉवेल, काखेत नवा अंक. अण्णांनी लांबूनच हाक मारली, पण ती तिच्यापर्यंत पोचली नाही. चंद्रव्वाने हात पुढं केला, ती वाकली. अण्णांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

आतून टक्कन आवाज आला. दगडावर दगड आपटल्याचा.

अण्णांनी डोळे उघडले, तेव्हा चंद्रव्वा कठड्यावरून खाली उतरत होती. तिने काखेतला अंक त्यांच्यापुढं धरला.



"अण्णा, वर नाव तुमचंच हाय, पण ह्यो आपला मल्लू न्हाय."