जू टेकलेली बंडी

बैलबंडीचं जू जमिनीवर टेकलेलं होतं आणि फाटकापासून ते जेमतेम दीड वीत दूर होतं. एखादा माणूस अंग चोरून आत-बाहेर करू शकला असता. कापसानं भरलेली बंडी नाही.

हरिभाऊंनी दोनदा वाकून पाहिलं. वर्ध्याहून नऊच्या मोटारीनं ते नुकतेच उतरले होते. दुपारच्या आत कापूस सेलूला पोचवायचा होता आणि त्यांची भरलेली बंडी आत अंगणात उभी होती. बाहेरची ही ओळखीची नव्हती. बाभळीची नवी चाकं, ताजं वंगण, बैलांचा पत्ता नाही.

"कोनाची हाय हे?"

यशोदाबाई ओट्यावर वांगी निवडत होत्या. चार दिवस पवनारला माहेरी राहून त्या परतल्या होत्या. नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "सकाळी एक मानूस बैल सोडून बाजाराकडं गेला."

"अन् तू काही बोलली नाई?"

"शुक्रवारच्या दिवशी बंडीवाल्याले कोन बोलते?"

ते खरं होतं. शुक्रवारच्या बाजाराला आसपासच्या गावांतून चाळीसेक बंड्या येत. जू एकदा टेकलं की बंडीला हात लावायचा तो मालकानं, नाहीतर राखणदारानं. ही राखण पिढ्यान्‌पिढ्या खालच्या वस्तीतल्या नत्थूच्या घरी होती. बंड्या राखायच्या, सरकवायच्या, वाट मोकळी ठेवायची, संध्याकाळी शेण उचलायचं. गेल्या वर्षी दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. त्याच आठवड्यात नत्थूनं राखणीची काठी पंचायतीत नेऊन ठेवली.

तेव्हापासून बंड्या वस्तीच्या गल्लीतच दाटीवाटीनं लागू लागल्या. वस्तीला वाट ती एकच. पौषात, बाजाराच्याच दिवशी, नत्थूच्या सुनेला, कांताला, कळा सुरू झाल्या. तिची खाट बंड्यांवरून हातोहात काढायला दोन तास लागले. मूल वाचलं नाही. आता कांताला पुन्हा नववा लागला होता.

नत्थूच्या बायकोनं, तानाबाईनं, वर्षभरात तीन अर्ज दिले. सरपंच हरिभाऊ दर वेळी म्हणाले, "पुढच्या बैठकीत पाहू." मागच्या महिन्यात त्यांनी एकदाचा ठराव लिहिला. टेकलेली बंडी मालकाशिवाय कोणी हलवू नये, एवढाच.

हरिभाऊ वस्तीकडे निघाले. गल्लीत बंड्यांच्या चाकांना धोतर घासत ते नत्थूच्या दारापर्यंत पोचले.

"नत्थू, चाल. माह्या फाटकापुढची बंडी सरकव."

नत्थू खाटेची दोरी ताणत होता. "राखन सोडली जी."

"आजच्या दिवस."

"आजच्या दिवस, आजच्या दिवस करतच आमच्या चार पिढ्या गेल्या," तानाबाई आतून म्हणाली.

"तानाबाई, हे तुमचंच काम हाय. मले समजत नाई काय?"

ती दारात आली. "आमच्या वस्तीत बंडी कोनाजवळ हाय, हरिभाऊजी? बैलाची शेपटी तरी दिसते काय?"

"मंग कोनाची हाय?"

"मले मालूम असतं, तर त्याले पेढा खाऊ घातला असता."

आजूबाजूच्या दारांतून बायका हसल्या. हरिभाऊंचे कान लाल झाले.

"पोलीस बोलावतो."

"बोलवा ना. त्यायले बी याच वाटेनं या लागन."

"मीच हलवतो मग."

"चाला, मी बी येते पाहाले." तानाबाईनं पदर खोचला. "तुमी टेकल्या बंडीले हात लावला, का आमी या गल्लीतल्या सगळ्यायले लावू. ठराव तुमच्याच हातचा हाय."

ती खरंच मागोमाग आली. नत्थू आला. दोन्ही हात पोटावर ठेवून कांताही हळूहळू चालत आली आणि निंबाच्या सावलीत बसली. काहीतरी चाललंय हे पाहून बाजारातली माणसं गोळा झाली. बहुतेक बंडीवालेच होते.

हरिभाऊ बंडीपाशी गेले. जू धरायला त्यांनी हात पुढे केला.

"हरिभाऊजी," हिंगणीचे बंडूजी गर्दीतून म्हणाले, "तुमी हे हलवलं, तर मंग आमच्या बंड्यायचं काय? उद्या कोनी बी हात लावन."

"हो ना," दोघे-तिघे म्हणाले.

हात तसाच अधांतरी राहिला. समोर बंडीवाले, बाजूला वस्ती. ऊन चढत चाललं होतं आणि सेलूचा कापूस अंगणातच होता. हरिभाऊंनी हात खाली घेतला. उपरण्यानं तोंड पुसलं.

"ठीक हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "मालक असन त्यानं समोर यावं. काय पायजे ते सांगावं. ठराव पंचायतीचा हाय. मालक म्हनन तसंच होईन, मंग तो कोनी का असेना."

"कोनी बी?" तानाबाईनं विचारलं.

"कोनी बी! पन या तर म्हना समोर. लपून काय बसून राह्यला?"

कोणी पुढे आलं नाही. बंडीवाले एकमेकांकडे बघू लागले. तानाबाईही गर्दीत एकेक तोंड निरखत होती.

ओट्यावर वांग्यांचं सूप बाजूला सरकल्याचा आवाज झाला. यशोदाबाई उठल्या. बाजाराच्या दिवशी त्या कधी फाटकाबाहेर पडत नसत. आज त्या पायऱ्या उतरल्या, दीड वितीच्या फटीतून अंग चोरून बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या समोर उभ्या राहिल्या. पौषापासून ओठाशी येऊन परत गेलेलं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"बंडी माही हाय. माह्या बाबानं देल्ली, भावानं आनून लावली. कांताची गल्ली मोकळी होईपर्यंत मी ते हलवनार नाई."