पहिल्या शून्यापर्यंत

सुनावणीच्या यंत्रासमोर धर्मण्णा उभे राहिले. दगडखाणीनं त्यांची फुप्फुसं खाल्ली होती. उपचार मंजूर होतात की नाही, ते आज ठरणार होतं.

"खाणीतल्या धुळीनं माझा..." एवढं बोलून ते धापा टाकत थांबले.

"जबाब संपला. लांबी तीन शब्द. जबाब अपुरा. उपचार नामंजूर," यंत्र बोललं.

"अरं, दम घेतायत की ते!" त्यांची बायको रेणकाबाई कडाडली.

"मावशी, यंत्र पहिल्या शून्यापर्यंतच लांबी मोजतं," यंत्राशेजारी बसलेला कारकून म्हणाला. "शांतता म्हणजे त्याचं शून्य. पुढचं बोलणं त्याच्या लेखी नसतंच."

धर्मण्णांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी दोनच शब्द निघाले.

"जबाब संपला."

रेणकाबाईनं यंत्रावर मूठ आपटली. "मुडद्या, ते थांबतात ना, तीच आमची तक्रार हाय! ती मोज की!"