ज्युरीची टोपी

गिरजाबाईंच्या आधीचा माणूस टोपी घालताच बेशुद्ध पडला. त्याला ज्युरीतून वगळून बाहेर नेलं. त्या टोपीतून खून झालेल्याची शेवटची घटका ज्युरीच्या डोक्यात उतरवत, आणि ती आठवण ज्युरी स्वतः मरेपर्यंत डोक्यातून निघत नसे. टोपी घेऊन आलेल्या कोर्टाच्या मॅडमचा हात गिरजाबाईंनी धरला.

“मॅडम, मला सोडा,” त्या म्हणाल्या. “गावातल्या मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ मीच घालते. लई मरणं बघितली. आता सोसवत नाही.”

मॅडमचा चेहरा उजळला. “मग तर तुम्हीच हव्यात, मावशी. तुम्हाला सोसेल.”

“मेलंय कोण?”

“सात वर्षांची मुलगी.”

गिरजाबाई उठू लागल्या, पण टोपी खाली आली होती. मांडीवरचे त्यांचे हात लहान लहान होत गेले, आणि समोरच्या दाराची कडी कुणीतरी बाहेरून काढली.